पळसाच्या रंगाचा हंडा

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे, मित्रांनो. जुना म्हटल्याबरोबर मला मोडीत घालायला निघू नका. मोतीराम तांबटांच्या हातोडीचे ठोके माझ्या अंगावर अजून जसेच्या तसे आहेत. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या बादल्या दोन उन्हाळे काढतात आणि तिसऱ्याला त्यांची कडी निखळते. मी त्यांना नावं ठेवत नाही, ज्याचं त्याचं नशीब. पण मी जे पाहिलं ते त्यांनी पाहिलेलं नाही, एवढं मात्र खरं.

माझा जन्म नाशिकचा, भांडीबाजारामागच्या एका बोळातला. मोतीराम पत्रा तापवायचे, ठोकायचे, पुन्हा तापवायचे. तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात खूप बोल लावले. पण हळूहळू माझं पोट गोल झालं, गळा अरुंद झाला, काठ वळला. मग त्यांनी मला चिंचेने घासून दुकानाच्या पायरीवर ठेवलं. सकाळच्या उन्हात मी असा काही झळाळलो की जाणाऱ्या-येणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. चमकण्याचं वेड मला त्या दिवसापासून लागलं. पुढे त्याच वेडापायी मी डोळे मिटून बसलो आणि फार मोठं नुकसान झालं, पण ते ओघाने येईलच.

मला विमलाबाई पगारे यांनी घेतलं. त्या देवळाली गावात विड्या वळायच्या. त्यांची मुलगी लता शिकली, चित्रकलेची परीक्षा पास झाली आणि एका संस्थेच्या शाळेत बाई म्हणून लागली. विमलाबाई मला डोक्यावर घेऊन घरी गेल्या आणि म्हणाल्या, "लते, माझी लेक बाई झाली. आता तुझ्या घरात पाणी भरायला नाशिकचं तांबं पाहिजे." लताबाई हसल्या आणि वर्षभरात त्यांनी मला उचलून शाळेत नेलं. आईला त्यांनी काय कारण सांगितलं, ते मला ठाऊक नाही.

शाळा पहिली ते सातवीची होती. चित्रकलेचा तास म्हणजे फळ्यावरची फुलदाणी वहीत उतरवायची, असा तिथे रिवाज होता. लताबाईंना तो मानवेना. "बाहेर एवढा वसंत आलाय आणि आपण पुस्तकातली फुलदाणी काढत बसायचं?" असं त्या मुलांना विचारायच्या. मुलं काय, एका पायावर तयार. वसंतपंचमीपासून रंगपंचमीपर्यंत त्यांचा हा वसंताचा तास चालायचा. पहिली-दुसरीची चिमुरडी पोरं बोटं बुडवून कागदावर आंब्याचा मोहोर उमटवायची आणि निम्मा मोहोर स्वतःच्या सदऱ्यावर घेऊन घरी जायची. तिसरी-चौथीची मुलं पिंपळाच्या कोवळ्या पानांचे ठसे काढायची. मोठी मुलं शिंदीची काडी चावून तिचा कुंचला करायची आणि मांजरपाटाच्या लांब कापडावर सगळी मिळून एक पळसाचं बन रंगवायची. पाचवीच्या वर्गाकडे सर्वांत मानाचं काम असायचं. रंग ते करायचे, आणि तो माझ्या पोटात व्हायचा.

फुलं आणायची सुलाबाई. ती शाळेची सेविका, रोजंदारीवरची. पाणी भरायची, वर्ग झाडायची, पोरांची नाकं पुसायची. तिचं माहेर वणीच्या पलीकडे होतं. फाल्गुन लागला की ती एसटीने माहेरी जायची आणि पोतंभर पळसफुलं घेऊन यायची. म्हणायची, "बाई, आमच्याकडं डोंगर पेटल्यावानी झालाय. तुमी नुस्तं बघाया चला." बाईंना कधी सवड झाली नाही.

पहिल्या वर्षी रंग साफ फसला होता. कोमट पाण्यात फुलं टाकली, रात्रभर ठेवली, आणि सकाळी पाहतात तर मेंदीच्या चोथ्यासारखं हिरवट-काळपट पाणी. त्याच दिवशी लियाकतभाई कल्हईवाले शाळेच्या फाटकाशी भाता लावून बसले होते. बाईंनी त्यांना ते पाणी दाखवलं. त्यांनी एक बोट बुडवलं आणि मान हलवली. "बाई, तांबा रंग खातो. आतून कल्हई मारून देतो, मग बघा."

"पाण्याच्या हंड्याला कल्हई?" सुलाबाई हसायला लागली.

"पाण्याचा कुठे, हा तर आता रंगाचा हंडा झाला," लियाकतभाई म्हणाले.

त्यांनी मला निखाऱ्यांवर धरलं, आत नवसागर टाकला, कथलाची कांडी फिरवली. पांढरा धूर निघाला आणि माझं पोट आतून चांदीसारखं झालं. पुढच्या वेळी तीच फुलं, तेच पाणी, वर चिमूटभर चुना. सकाळी झाकण काढलं तेव्हा माझ्या पोटात केशरी ऊन साठलं होतं. मुलांनी एवढा गलका केला की मुख्याध्यापक धावत आले.

मित्रांनो, ती सहा वर्षं माझ्या आयुष्यातली खरी वर्षं. बाकीची नुसती मोजायची. आजही फाल्गुनातला वारा सुटला की मला ते ओले हात आठवतात. एकामागून एक पोर माझ्या काठावर वाकायचं, आणि माझ्या पोटात त्याचा आवाज घुमला की खुदकन हसायचं. भांड्याला आणखी काय लागतं?

१९७९ साली पाचवीत लियाकतभाईंची मुलगी होती, रेहाना. बारीक अंगाची, मोठ्या डोळ्यांची, आणि रंगाच्या बाबतीत भारी चोखंदळ. बांबूच्या काठीने रंग ढवळायचं आणि चुना टाकायचं काम बाईंनी तिला दिलं होतं. ती ढवळायची तेव्हा जीभ दातांत धरायची. बाई मला ऐकू येईल अशा आवाजात एकदा पुटपुटल्या होत्या, "ही पोरगी माझ्यापुढे जाणार."

पण त्या वर्षी मुख्याध्यापक नवीन आले होते. वार्षिक परीक्षा तोंडावर असताना महिना-महिना रंग खेळणं त्यांना पसंत नव्हतं. त्यांनी सांगितलं, शनिवारी संस्थेचे चिटणीस शाळा बघायला येणार आहेत. त्यांनी मुलांचं काम पाहून मान डोलावली तर वसंताचा तास चालू राहील, नाहीतर बंद. लताबाईंनी त्या वर्षी वीस हात कापड आणलं. सगळ्या वर्गांचा जीव त्या कापडात अडकला होता.

आता माझी चूक सांगतो. गुरुवारी दुपारी सुलाबाईने मला नळाखाली नेलं. साहेब येणार, तर हंडा कसा लख्ख पाहिजे, असं तिच्या मनात आलं. तिने चिंच घेतली, मीठ घेतलं, विटेचा भुगा घेतला. बाहेरून घासून झाल्यावर तिने हात आत घातला. "अगं बया, आतून केवढं क्षाराचं पुट चढलंय!" ती स्वतःशीच म्हणाली. कल्हई लावताना ती हसली होती खरी, पण त्याला सहा वर्षं झाली होती. कल्हई विटून, रंगाने डागाळून पांढुरकी-करडी दिसत होती. पाण्याच्या हंड्याला क्षार धरतो, हे तिला जन्मापासून माहीत. तिने नारळाच्या शेंडीने तासभर खसाखसा घासलं. घाम पुसत पुसत, गाणं म्हणत.

आणि मी? मला कळत होतं, मित्रांनो. थरामागून थर जात होता, ते मला कळत होतं. पण दुकानाच्या पायरीनंतर इतक्या वर्षांनी मी पुन्हा तसाच झळाळत होतो, आणि मला बरं वाटत होतं. तेव्हा मला काही करता आलं नसतं, ही गोष्ट वेगळी. पण मला वाईटसुद्धा वाटलं नाही, हे मला अजून खुपतं.

त्याच संध्याकाळी पाचवीच्या मुलांनी फुलं भिजवली. माझा गळा अरुंद, आत अंधार, कोणाला काय दिसणार? रेहानाने चुना टाकला, ढवळलं, झाकण ठेवलं. शुक्रवारी सकाळी रंग ओतला तर शेवाळलेल्या डबक्यासारखं पाणी.  लताबाईंनी मला उजेडात तिरकं केलं, आत पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. दारात सुलाबाई उभी होती, माझ्या झळाळीकडे कौतुकाने बघत. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मला हळूच सरळ केलं.

नवी फुलं आणायला वेळ नव्हता. मुलांनी त्याच रंगाने फांद्या काढल्या, खोडं काढली, वाळकी पानं काढली. शनिवारी वीस हात कापड व्हरांड्यात टांगलं. चिटणीस त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "काम नीटस आहे. पण यात वसंत कुठे आहे?"

ते गेल्यावर मुख्याध्यापकांनी पाचवीचा वर्ग उभा केला. "रंग कोणी बिघडवला? खरं सांगा. ज्याने केलं त्याला सोमवारपासून शाळेत पाय ठेवू देणार नाही." सगळ्या मुलांच्या नजरा रेहानाकडे वळल्या. तिची मान खाली गेली. दाराशी सुलाबाई रिकामी कळशी घेऊन उभी होती. रोजंदारीवरची बाई, एका शब्दाने तिची चूल विझली असती.

"मी बिघडवला," लताबाई म्हणाल्या. "माझा अंदाज चुकला."

एवढं बोलून त्या बसल्या. सुलाबाई वाचली. वसंताचा तास मात्र बंद झाला, आणि जूनमध्ये बाईंची बदली कळवणच्या शाळेत झाली. जाताना त्यांनी मला नेलं नाही. माझ्याकडे पाहवत नसावं, असं मी धरून चाललो.

मला सामानाच्या खोलीत ठेवलं. मोडके बाक, फाटके नकाशे आणि मी. खिडकीतून सहावीचा वर्ग दिसायचा, म्हणून मला पुढचं कळलं. चित्रकलेच्या तासाला रेहाना वही उघडायची आणि कोरी मिटायची. कधी मधल्या सुट्टीत खिडकीचे गज धरून माझ्याकडे बघायची. तिच्या मैत्रिणीला ती म्हणालेली मी ऐकलं, "चुना माझ्याकडूनच जास्त पडला. बाईंनी माझ्यासाठी खोटं सांगितलं, आणि त्यांनाच घालवलं." आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, ते असं. मी आतल्या आत तडफडत होतो. सातवी झाल्यावर तिची शाळाच सुटली.

नऊ वर्षं गेली. किती फाल्गुन आले-गेले, मला नुसत्या वाऱ्यावरून समजायचं. कोणी मला उचलावं, पाणी भरावं, निदान एखाद्या पोराने माझ्यात ओरडून बघावं, एवढीच आशा धरून मी बसलो होतो. १९८८ साली वयामुळे सुलाबाईचं शाळेतलं काम सुटलं. त्या दिवशी सामानाची खोली आवरत होते आणि मला मोडवाल्याला देणार होते. तिने शाळेकडे निरोपाच्या नारळ-शालीऐवजी मला मागून घेतलं. "लताबाईंची खूण हाय ती," म्हणाली.

माझं बूड एका जागी झिरपत होतं. झाळ लावून ते बुजवायला ती मला लियाकतभाईंकडे घेऊन गेली. ते आता थकले होते, दाढी पांढरी झाली होती. त्यांनी मला पाहताक्षणी ओळखलं. हात आत घातला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"याची कल्हई कुठे गेली? माझी कल्हई अशी जात नाही."

"ते पांढरं पुट व्हय?" सुलाबाई म्हणाली. "ते तर मीच घासून काढलं. साहेब येनार व्हते ना त्या सालाला. लय क्षार धरला व्हता."

लियाकतभाईंच्या हातातला भाता थांबला. 

"सुलाबाई, तो क्षार नव्हता," ते म्हणाले. "तीच कल्हई होती. ती गेली म्हणून रंग काळा पडला. माझी रेहाना आजपर्यंत समजते की चुना तिने जास्त टाकला. आणि मी... मी पण त्या रात्री तिला थप्पड मारली होती. कल्हईवाल्याची पोरगी असून तुला रंग सांभाळता येत नाही, असं म्हणालो होतो."

 सुलाबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "आन् मी इतकी वर्सं पळसालाच दोष देत व्हते. फुलं जून निघाली म्हनून."

लियाकतभाईंनी भट्टी फुलवली. त्यांनी मला आतून पुन्हा कल्हई लावली. कथिल सगळीकडे सारखं बसलं. दुसऱ्या दिवशी सुलाबाई मला फडक्यात बांधून कळवणच्या एसटीत बसली.

लताबाई वर्गाबाहेर आल्या तेव्हा त्यांच्या बोटांना खडू लागला होता. त्या आता गणित शिकवत होत्या. रंगाला त्यांनी पुन्हा हात लावला नव्हता. सुलाबाईने मला त्यांच्या पायाशी ठेवलं आणि म्हणाली, "बाई, हंडा म्या घासला व्हता."

"मला त्याच दिवशी कळलं होतं, सुलाबाई."

"मंग बोलल्या का नाय?"

"तुमची नोकरी गेली असती. मला वाटलं, दोष आपण घेतला की विषय मिटला."

"नाय मिटला, बाई." सुलाबाईचा आवाज फुटला. "त्या पोरीनं घेतला तो."

मग तिने रेहानाचं सगळं सांगितलं. लताबाईंनी बोटांचा खडू पदराला पुसला.  वर्गातली पोरं पाढे म्हणायची थांबून दारातून डोकावत होती. बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही तिघं सटाण्यावरून मालेगावला निघालो. रेहाना लग्न होऊन तिथे गेली होती.  मी लताबाईंच्या मांडीवर होतो, नऊ वर्षांनी. त्यांनी दोन्ही हातांनी मला घट्ट धरलं होतं.

मालेगावच्या त्या गल्लीत चहूकडे मागांची खडखड चालू होती. रेहानाने कडेवर बाळ घेऊन दार उघडलं. आधी तिने बाईंना ओळखलं, मग तिची नजर माझ्यावर पडली आणि तिची मान आपोआप खाली गेली. पाचवीत गेली होती तशीच.

"रेहाना," लताबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "चुना जास्त झाला नव्हता गं. हंड्याची कल्हई गेली होती."

"म्या घासली, पोरी," सुलाबाई म्हणाली. "मला ठावं नव्हतं."

 बाळ तिच्या ओढणीशी खेळत होतं. रेहानाने मान वर केली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यात राग होता की आनंद, ते मला सांगता येणार नाही. ती म्हणाली, "बाई, मग तुम्ही हे मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

 लताबाई रडल्या. मुलांनो, मोठी माणसंसुद्धा रडतात, आणि कधीकधी त्यांच्याकडे खरोखरच उत्तर नसतं. त्या भल्या होत्या, सुलाबाईही भली होती, आणि मीही काही वाईट भांडं नव्हतो. तरी एका पोरीची नऊ वर्षं आमच्यामुळे गेली.

रेहानाने दोघींना आत घेतलं, चहा केला, जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना लताबाईंनी मला तिच्या अंगणात ठेवलं. तेव्हापासून मी मालेगावात आहे. रेहाना माझ्यात पाणी भरते, पण आतून कधी घासत नाही, नुसती विसळते. मागच्या फाल्गुनात लताबाईंनी कळवणहून कोणाबरोबर तरी पळसाची फुलं पाठवली होती. तिने ती सुपात पसरली, उन्हात वाळवली, दोनदा माझ्याजवळ आणली आणि पुन्हा आत नेऊन डब्यात भरून ठेवली. इतकी वर्षं मिटलेला हात एका दिवसात उघडत नाही. यंदाही वारा सुटला आहे. माझी कल्हई नवी आहे. मी वाट बघतो आहे.

म्हणून सांगतो, मित्रांनो. घरातली जुनी भांडी जपा, आणि घासायला घेण्याआधी ती कशासाठी आहेत हे कोणाला तरी विचारा. पण भांड्यांचं एक वेळ राहू द्या. तुमच्या वर्गात एखादी मुलगी किंवा मुलगा न केलेल्या चुकीसाठी मान खाली घालून बसला असेल आणि खरं काय ते तुम्हांला माहीत असेल, तर मधल्या सुट्टीचीही वाट पाहू नका. उठा आणि सांगा. मला सगळं माहीत होतं, पण मी भांडं पडलो, मला बोलता येत नव्हतं. तुम्हांला येतं.